सुपरमार्केटचं विश्लेषण आणि न नासलेलं दूध

चिठ्ठी उघडली आणि मला घाम फुटला. भीतीने नव्हे, आनंदाने! माझ्या आधीच्या गृहस्थांच्या चिठ्ठीत ‘चपलांच्या दुकानाची जाहिरात’ निघाली होती, त्यांच्या आधीच्या बाईंना ‘बेकरीतील ग्राहकसेवा’ मिळाली होती. माझ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं, ‘एका मोठ्या सुपरमार्केट साखळीचे धोरणात्मक विपणन विश्लेषण’. शब्द सात, पण त्यातले शेवटचे तीन असे, की नुसते उच्चारले तरी माणूस आपोआप ताठ बसतो.

हा आमचा दर रविवारचा व्यवस्थापन पदविकेचा वर्ग आणि त्या दिवशी प्रकल्पाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले जात होते. मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ कारकून आहे आणि अधीक्षक व्हायचं तर ही पदविका लागते, एवढं सांगितलं की पुरे. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे, पण वर्गात ते सर आणि मी विद्यार्थी.

घरी येऊन मी बायकोला विषय वाचून दाखवला. मुद्दाम सावकाश वाचला.

“म्हणजे नक्की काय करायचं?” तिने विचारलं.

“म्हणजे... विश्लेषण.”

“कुणी?”

“मी!”

“अहो, मागच्या आठवड्यात मीठ आणायला पाठवलं तर तुम्ही तिथून पायपुसणं घेऊन आलात.”

आता हे खरं आहे. पण ते पायपुसणं मी का घेतलं, हाच तर विपणनाचा गाभा आहे, हे तिला कळेना. मी मीठ घ्यायला गेलो आणि कुणीतरी मला पायपुसण्यापाशी नेऊन उभं केलं. कुणी? धोरणाने! मी तसं तिला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, “आता परत जाऊन मीठ आणा.”

आमच्याकडे त्या दिवसांत सासूबाई राहायला आल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जावईबापू, म्हणजे लोक दुकानात का जातात ते शोधायचं, असंच ना? मग त्यांना विचारा की.”

“आई, ते एवढं सोपं नसतं,” मी म्हटलं. या वाक्याची आठवण त्यांनी मला पुढे तीन वेळा करून दिली.

समोरच्या दारात राहणारे मोजणीकाका चहाची चाहूल लागताच आले. हे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातून मोजणी काही निवृत्त झाली नाही. आमच्या जिन्याची प्रत्येक पायरी किती इंच आहे हे ते झोपेतही सांगतात. विषय ऐकून त्यांचे डोळे चमकले. “आधी माप घ्या,” ते म्हणाले. “जागेचं माप घेतल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीचं विश्लेषण होत नाही. टेप मी आणतो.”

पण मी सरकारी माणूस. परवानगीशिवाय मी आजवर खिडकीसुद्धा उघडलेली नाही. म्हणून पहिल्यांदा मी सुपरमार्केटच्या मॅनेजरला भेटलो. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी हाका मारत असल्यासारखा भाव. तो म्हणाला, “माझी काही हरकत नाही, पण परवानगी विभागीय कार्यालयाची लागेल. या नंबरवर फोन करा.”

केला. यंत्र बोलू लागलं. मालाबद्दल तक्रार असल्यास एक दाबा, बिलाबद्दल दोन, कर्मचाऱ्यांबद्दल तीन, अन्यथा प्रतीक्षा करा. मी अन्यथा होतो, म्हणून प्रतीक्षा केली. बावीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी बोलली.

“बोला, काय तक्रार आहे?”

“तक्रार नाही. विश्लेषण आहे.”

“कशाचं?”

“तुमच्या धोरणाचं.”

थोडा वेळ टकटक ऐकू आली. “ते यादीत नाही, काका. यादीतलं काहीतरी निवडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.”

आता इथे मी जे बोललो ते मी बोलायला नको होतं. पण बासरीने माणूस थकतो. मी म्हणालो, “मग काहीही टाका.”

तिने माझं नाव, पत्ता आणि दुकान विचारून घेतलं आणि टाकलं. दोन मिनिटांत माझ्या फोनवर संदेश आला: आपला क्रमांक ७७४०९. मला कोण आनंद झाला! सरकारी नोकरीत क्रमांक मिळाला म्हणजे काम अर्धं झालं. खाली बारीक अक्षरात ‘नासलेले दूध’ असं काहीतरी होतं, पण मी चष्मा लावलेला नव्हता. क्रमांक मात्र तोंडपाठ केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी कामाला लागलो. बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली, चार रंगांची पेनं, छातीशी फाइल. भाजीपाशी एक गृहस्थ उभे होते. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, “आपण या साखळीकडे एक ब्रँड म्हणून कसे पाहता?”

“मी कोबीकडे पाहतोय,” ते म्हणाले आणि कोबी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या बाईंनी माझ्याकडे न बघताच “नको आहे” म्हटलं. तिसऱ्यांना मी दुकानातला माणूस वाटलो. त्यांनी मला झुरळांच्या औषधाबद्दल विचारलं आणि मी ते शोधून दिलं. त्यांच्यामागे आणखी दोघं आली. तासाभरात माझी प्रश्नावली कोरी होती, पण मी तिघांना झुरळांचं औषध, एका आजोबांना दाढीचा साबण आणि एका नवऱ्याला त्याची हरवलेली बायको मिळवून दिली होती.

तेवढ्यात साबणांच्या रांगेतून मोजणीकाकांचा खणखणीत आवाज आला, “चार फूट सात इंच! लिहून घ्या!” ते टेप पसरून जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी एका अनोळखी बाईंच्या हातात दिलं होतं. लोक थबकले. एक जण म्हणाला, “रस्तारुंदीत जातंय वाटतं दुकान.” दुसरा म्हणाला, “अर्धं पाडणार म्हणे.” दहा मिनिटांत ही बातमी काउंटरपर्यंत पोहोचली आणि लोक साबण दुप्पट घेऊ लागले. रखवालदाराने काकांना दंडाला धरून दाराबाहेर नेलं. जाता जाता काकांनी दाराचंही माप घेतलं.

मी मात्र खचलो नाही. उलट मला स्फुरण चढलं! भीतीने विक्री वाढते, हा मुद्दा मी लाल पेनाने लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “मीही येते. घरात बसून पाय आखडलेत.” मी नाही म्हणू शकलो नाही. पण दुकानाच्या शेवटच्या टोकापर्यंत चालून त्या दमल्या. तिथे दुधाची मोठी कपाटं होती. तिथल्या बाईंनी लगेच आपलं स्टूल पुढे केलं. सासूबाई बसल्या आणि मी पुन्हा प्रश्नावली घेऊन लोकांच्या मागे लागलो.

दीड तासाने परत आलो तेव्हा माझ्याकडे अडीच उत्तरं होती. अर्ध्या उत्तराचे गृहस्थ मधेच फोनवर बोलायला लागले होते. आणि सासूबाईंकडे? सासूबाईंकडे सगळा गाव होता!

“ती निळ्या पंजाबी ड्रेसवाली गेली ना,” त्या मला म्हणाल्या, “तिच्या घराखालीच दुसरं मोठं दुकान आहे. तरी चालत इथे येते. ते टक्कल असलेले गृहस्थ दोन बस बदलून येतात. ती जुळ्यांची आई तर म्हणाली, रांग असली तरी मी दूधताईंकडूनच घेणार.”

“दूधताई कोण?”

“अहो, ह्याच. मला स्टूल दिलं त्या.”

मी पाहिलं. पन्नाशीच्या, सडपातळ, अंगात कंपनीचा हिरवा कोट, हात थंडीने लाल. एक बाई पिशवी उचलत होती, तर त्या म्हणाल्या, “ही नको, हिची मुदत उद्या संपतेय. मागची घ्या. आणि धाकट्याचा खोकला गेला का?” मग दुसऱ्याला, “दही आज चांगलं नाही आलंय. बुधवारी घ्या.” सांगायचा त्यांना कुठलाही फायदा नव्हता. त्या सहज सांगत होत्या. आणि ती माणसं दूध घेऊन परतताना साबण, तेल, बिस्किटं असं टोपलीत टाकत पुढच्या दाराशी पोहोचत होती.

सापडलं! प्रकाशयोजना नाही, मांडणी नाही, सवलतीचे फलक नाहीत. लोक या दुकानात एका बाईवर विश्वास आहे म्हणून येत होते आणि बाकीचं सगळं वाटेत घेत होते! मी तिथेच फाइल गुडघ्यावर ठेवून हिरव्या पेनाने लिहायला घेतलं. पान एकतीस. ते एका बैठकीत लिहून झालं. सासूबाई वरून सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. माझे बेचाळीस प्रश्न त्यांनी कुठल्याही प्रश्नावलीविना सोडवले होते. “काय गं, एवढ्या पिशव्या? पाहुणे आलेत का?” एवढ्यावर लोकांनी त्यांना आपला संसार सांगितला होता.

“एवढं सोपं नसतं, नाही का?” त्या म्हणाल्या. ही पहिली वेळ.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. घरी रोज दोन पिशव्या दूध फुकट येऊ लागलं होतं, तेवढी एक गंमत. कंपनीचा माणूस दार वाजवायचा, “झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व” म्हणायचा आणि पिशव्या देऊन जायचा. मला वाटलं, अभ्यास करणाऱ्यांना देत असतील. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, हे विश्लेषण चांगलं आहे. पुढच्या वेळी तांदळाचं घ्या.”

शुक्रवारी मी शेवटची निरीक्षणं घ्यायला गेलो, तर दुधापाशी दूधताई नव्हत्या. तिथे कुणीच नव्हतं. जुळ्यांची आई रिकामी पिशवी घेऊन उभी होती. मी मॅनेजरला गाठलं.

“त्यांना गोदामात बसवलंय,” तो हताशपणे म्हणाला. “वरून मेमो आलाय. नासलेल्या दुधाची तक्रार. सोमवारी सुनावणी आहे. बावीस वर्षांत त्यांच्यावर एक तक्रार नाही हो! आणि आता कुणी ७७४०९ नंबरवाला उपटलाय. ओळखता का तुम्ही असल्या माणसाला?”

मी चष्मा लावून फोनवरचा तो संदेश पुन्हा एकदा वाचला.

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मोजणीकाकांनी गप्प राहण्याचा सल्ला दिला. “सरकारी माणसाने लेखी काही कबूल करू नये,” ते म्हणाले. “खोटी तक्रार केली म्हणून त्यांनी तुमच्या कचेरीला पत्र धाडलं, तर अधीक्षकपद राहिलं बाजूला, आहे ती खुर्चीही जाईल.” हे खरं होतं आणि तेच मला नको होतं. मी बायकोकडे पाहिलं.

“त्या बाईची नोकरी गेली तर तुम्हाला त्या खुर्चीवर बसवेल?” तिने विचारलं.

मी पुन्हा फोन केला. पुन्हा बासरी. पुन्हा तीच मुलगी. “तक्रार मागे घ्यायची आहे,” मी म्हटलं.

“सुनावणीला लागलेली तक्रार मागे घेता येत नाही, काका. तुम्हाला स्वतः हजर राहावं लागेल.”

“दूध नासलंच नव्हतं हो!”

“हे सुनावणीत सांगा. बाकी काही मदत करू शकते का?”

सोमवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत मारून मी विभागीय कार्यालयात गेलो. सोबत सासूबाई होत्या. “तुम्ही घाबरलात की अवघड शब्द बोलता,” त्या म्हणाल्या, “म्हणून येते.”

तिसऱ्या मजल्यावर लांब टेबल. पलीकडे विभागप्रमुख मॅडम, शेजारी प्रयोगशाळेतला एक माणूस. कोपऱ्यातल्या खुर्चीत दूधताई, हिरवा कोट धुऊन घातलेला, दोन्ही हात मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने आलोय. त्या किंचित हसल्या. ते हसू मला आजही आठवतं आणि अजूनही लाज वाटते.

“तक्रारदार कोण?” मॅडमनी विचारलं.

मी हात वर केला. दूधताईंचं हसू गेलं.

प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, “आम्ही सगळे नमुने तपासले. दूध उत्तम आहे. तरी हे म्हणतात नासलं.”

“मी म्हणत नाही.”

“मग कोण म्हणतं?”

“यादी म्हणते,” मी म्हणालो आणि मग बांध फुटल्यासारखा सुटलो. चिठ्ठी, पदविका, बासरी, ‘काहीही टाका’, सगळं सांगितलं. बोलताना ‘धोरणात्मक’ हा शब्द पाच वेळा आला. सासूबाईंनी टेबलाखालून पायावर पाय दिला तेव्हा थांबलो.

मॅडमनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही खोटी तक्रार नोंदवलीत.”

“हो,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. माझ्या कचेरीला कळवायचं तर कळवा, पत्ता लिहून देतो. पण या बाईंवर डाग नको. उलट या नसतील तर तुमचं ते दुकान चालायचं नाही.”

“हे तुम्ही कशावरून म्हणता?”

मी फाइल उघडली आणि एकतिसावं पान त्यांच्यापुढे केलं. त्या वाचू लागल्या. वाचून झालं, तरी पान खाली ठेवेनात.

“आम्ही बाहेरची माणसं नेमून पाहणी करवली होती,” मॅडम हळूच म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं, लोक इथे पार्किंगमुळे येतात. ही माहिती तुम्ही कशी मिळवलीत?”

मी घसा साफ केला. ‘संशोधनपद्धती’ असं सुरू करणार होतो, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “मी स्टुलावर बसले होते. लोक सांगत होते. कुणी विचारलंच नव्हतं हो त्यांना.” मग माझ्याकडे वळून, “एवढं सोपं नसतं म्हणे.” ही दुसरी वेळ.

मॅडम हसल्या. सुनावणीत हसतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी त्या पानाच्या कडेला स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘उत्तम निरीक्षण. या कर्मचाऱ्याचा कंपनीला अभिमान आहे’, खाली सही केली आणि कंपनीचा शिक्का मारला. दूधताई संध्याकाळपासून पुन्हा आपल्या जागी, असा हुकूम झाला. माझ्या कचेरीला पत्र नाही. फक्त तक्रार बंद करायची तर तिलाही कारण यादीतूनच निवडावं लागत होतं. यादीत दोनच कारणं उरली होती, ‘ग्राहक मृत’ आणि ‘ग्राहकाची समज कमी’. मी दुसऱ्यावर सही केली. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने! पण सही पूर्ण नावानिशी केली, हे नमूद करतो.

आम्ही बाहेर आलो. मी मनातून उडत होतो. फाइल पूर्ण, शिवाय शिक्का! दुपारी चारपर्यंत ती सरांच्या टेबलावर द्यायची होती आणि सरांचा कडक नियम होता, सगळं हाताने लिहिलेलं हवं, झेरॉक्स चालणार नाही. असा शिक्का वर्गात दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असणार होता? पहिला वर्ग तर नक्कीच, कदाचित पहिला नंबरही!

लिफ्टपाशी मागून हाक आली, “अहो साहेब.”

दूधताई होत्या. मला वाटलं, आता बोल लावणार. मी मान खाली घातली.

“ते पान,” त्या म्हणाल्या. “मॅडमनी लिहिलंय ते. मला मिळेल का?”

“तुम्हाला?”

“बावीस वर्षं घरचे म्हणतात, दूधच तर विकतेस, त्यात काय. मी तरी काय सांगणार? माझ्याबद्दल एवढं कुणी लिहिलंच नाही कधी.” त्या कोटाच्या बटणाशी चाळा करत होत्या. “तुम्हाला लागणार असेल तर राहू द्या.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या लिफ्टच्या दाराकडे बघत होत्या, जशा काही त्या तिथे नव्हत्याच. घड्याळात सव्वातीन झाले होते. नवं पान लिहायला वेळ नव्हता आणि लिहिलं तरी त्यावर शिक्का कुठून येणार?

मी फाइलची दोरी सोडली आणि पान काढून त्यांच्या हातात दिलं.

“मला काय लागणार,” मी म्हणालो. “माझ्याकडे अजून एकोणचाळीस आहेत.”

त्यांनी ते पान घडी न घालता, दोन्ही तळव्यांवर आडवं धरून जिन्याने खाली नेलं. लिफ्टमध्ये गर्दीत चुरगळेल म्हणून त्या जिन्याने गेल्या, हे मला नंतर सुचलं. फाइल चारच्या आत सरांच्या टेबलावर ठेवून आम्ही घरी निघालो. वाटेत सासूबाई म्हणाल्या, “हे मात्र खरंच सोपं नव्हतं.”

महिन्याभराने फाइल तपासून परत आली. पदविका मिळाली, दुसऱ्या वर्गात. शेवटच्या पानावर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं: ‘मोजमापे अचूक. मांडणी नीटनेटकी. मात्र ग्राहक या दुकानात का येतात, याचे मूळ कारण विद्यार्थ्याच्या लक्षातच आलेले नाही. पान ३१ गहाळ.’

मोजणीकाका ‘मोजमापे अचूक’ एवढंच वाचून छाती काढून घरी गेले. बायको मात्र भडकली. “लक्षात आलेलं नाही? उद्याच्या उद्या जाऊन त्यांना सांगा काय लक्षात आलं होतं ते!”

मी शेरा पुन्हा एकदा वाचला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविरुद्ध बरंच काही लिहिलं गेलंय, पण कुठलाच शेरा वाचून मला इतकं हसू आलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा बायकोही हसायला लागली आणि सासूबाईंनी आतून विचारलं, “काय झालं गं? पास झाले का जावईबापू?”

“झाले,” ती म्हणाली. “चांगले झाले.”